‘माझ्यानं होत नाही’ म्हणण्याचं बळ

उमरखेडच्या बसस्थानकाजवळ सकाळी उभं राहिलं, की पानठेल्यावरून एक आवाज हमखास कानावर येतो. पन्नीत सुपारी, तंबाखू आणि चुना घालून खर्रा घोटण्याचा आवाज. विदर्भातल्या माणसाला तो समजावून सांगावा लागत नाही. २०१२ मध्ये राज्यात गुटख्यावर बंदी आली, पण हा आवाज काही थांबला नाही. मी या आवाजाला सतरा वर्षं बांधलेला होतो. १९८१ साली शाळेत नवा शिक्षक म्हणून लागलो, तेव्हा सोबत्यांच्या आग्रहावरून पहिली चिमूट तोंडात टाकली आणि १९९८ साली ती सुटली. आज बोलायचं आहे ते खर्ऱ्याबद्दल नव्हे, तर ती सुटली कशी, याबद्दल. त्याहीपेक्षा, सतरा वर्षं ती का सुटत नव्हती, याबद्दल.

माझं घर ख्रिस्ती. लहानपणापासून रविवारी उपासनेला जाणं, बायबल वाचणं, जेवणाआधी प्रार्थना करणं, हे सगळं अंगवळणी पडलेलं. आमच्याकडे ईस्टरच्या आधी चाळीस दिवसांचा उपवासकाळ पाळतात. दरवर्षी त्या चाळीस दिवसांत मी खर्रा बंद करायचो आणि ईस्टरच्या संध्याकाळी पुन्हा पानठेल्यावर हजर व्हायचो. लोक म्हणायचे, “गुरुजी, तुमचा निग्रह दांडगा आहे!” मलाही ते खरं वाटायचं. मनात आणलं तर मी कधीही सोडू शकतो, ही माझी पक्की समजूत. गंमत अशी, की याच समजुतीनं मला सतरा वर्षं अडकवून ठेवलं. जो कधीही सोडू शकतो, त्याला आजच सोडायची घाई कशाला?

खर्ऱ्यामागून दुसरी गोष्ट घरात शिरली, ती म्हणजे खोटं. पत्नीला शर्टाच्या खिशात पन्नी सापडायची. ती विचारायची, “अहो, हे काय?” मी सांगायचो, “वर्गातल्या पोराकडून जप्त केली.” हे उत्तर इतक्यांदा दिलं, की देताना जीभ अडखळेनाशी झाली.

मग तो दिवस आला. सातवीच्या वर्गात मी तंबाखूच्या दुष्परिणामांवर बोलत होतो. बोलता बोलता खडू उचलायला वाकलो आणि खिशातली पुडी खाली पडली. पहिल्या बाकावरच्या मुलानं ती उचलून माझ्यापुढे धरली. म्हणाला, “सर, हे तुमचं.” वर्ग हसला असता तर बरं झालं असतं, पण कुणीच हसलं नाही. मी म्हणालो, “माझं नाही. काल एका मुलाकडून घेतलं होतं.” त्या पोरानं मान खाली घातली. कारण ती पुडी मला पानठेल्यावरून आणून देणारा तोच होता. मीच त्याला मधल्या सुट्टीत पैसे देऊन धाडलं होतं.

त्या रात्री झोप लागली नाही. तंबाखूचं मला फारसं काही वाटलं नाही. वाटलं ते याचं, की एका बारा वर्षांच्या मुलापुढे मी सहज खोटं बोललो आणि ते खोटं आहे हे त्याला ठाऊक असूनही तो गप्प राहिला. माझ्यासाठी लाजला तो.

पाप म्हणजे नेम चुकणं

‘पाप’ हा शब्द आपल्याकडे जड आहे. तो उच्चारला, की खून, चोरी, व्यभिचार डोळ्यांसमोर येतात आणि आपण निश्चिंत होतो, कारण त्यातलं आपण काहीच केलेलं नसतं. बायबलचा नवा करार मूळ ग्रीक भाषेत लिहिला गेला. त्यात पापासाठी जो मुख्य शब्द येतो, तो ‘हामार्तिया’. जुन्या ग्रीकमध्ये त्याच्या मुळाशी असलेला अर्थ नेम चुकणं असा आहे. म्हणजे बाण सोडला, पण लक्ष्यापर्यंत पोचला नाही किंवा बाजूनं गेला. या अर्थानं पाहिलं, की पाप हे मोठ्या गुन्हेगारांपुरतं उरत नाही. ज्यासाठी आपण घडलो, त्यापासून रोज थोडं थोडं बाजूला जाणं, हेही तेच.

दुसरी गोष्ट संत पौलानं सांगितली. रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या सातव्या अध्यायात तो विलक्षण प्रामाणिकपणे आपली अवस्था मांडतो. जे चांगलं करावंसं वाटतं ते हातून होत नाही आणि ज्याचा तिटकारा येतो तेच घडतं, अशी ती तक्रार आहे. पौल साधासुधा माणूस नव्हता. नियमशास्त्र कोळून प्यालेला, कडक शिस्तीचा परूशी होता तो. त्याचं म्हणणं थोडक्यात असं, की पाप ही नुसती चुकीची कृती नसते, ती एक सत्ता असते. कृती करणं न करणं आपल्या हाती असतं, पण सत्तेखाली असलेल्या माणसाला नुसत्या ठरावानं मोकळं होता येत नाही. त्यासाठी बाहेरून कुणीतरी सोडवणारा यावा लागतो. ख्रिस्ती श्रद्धेत येशूला तारणारा म्हणतात, ते या अर्थानं.

आता प्रश्न येतो, की माणूस हे कबूल का करत नाही? याचं उत्तर पेत्राच्या कथेत आहे. येशूला अटक होण्याच्या रात्री पेत्र ठासून सांगतो, की बाकी सगळे सोडून गेले तरी मी जाणार नाही. तो ढोंग करत नव्हता, त्याला मनापासून तसं वाटत होतं. आणि त्याच रात्री, कोंबडा आरवायच्या आत, एका दासीच्या साध्या विचारण्यावरून त्यानं येशूला तीनदा नाकारलं. पेत्राचं येशूवर प्रेम कमी नव्हतं. पण त्याची भिस्त स्वतःच्या प्रेमावर होती. पुढे हाच पेत्र पहिल्या मंडळीचा आधारस्तंभ झाला, पण कोंबड्याच्या त्या आरवण्यानंतर आणि त्यानंतरच्या रडण्यानंतर.

माझ्या सातवीच्या वर्गात जे घडलं, तो माझा कोंबडा होता.

सवयीची साखळी

सवय कशी जडते, याचं नेमकं वर्णन दीड हजारांहून अधिक वर्षांपूर्वी संत ऑगस्टीन यांनी केलं. इसवी सन ३५४ मध्ये उत्तर आफ्रिकेत जन्मलेला हा बुद्धिमान माणूस वक्तृत्वकलेचा प्राध्यापक होता. आपल्या आयुष्याची कहाणी त्यांनी ‘कन्फेशन्स’ या ग्रंथात लिहिली. त्यांचा विचार असा, की वाकड्या इच्छेतून वासना निर्माण होते, वासनेची चाकरी केली की तिची सवय होते आणि सवयीला विरोध केला नाही की ती गरज बनते. एकात एक अडकलेल्या कड्यांची ही साखळी. तरुणपणी आपण देवाकडे शुद्धता मागत होतो, पण ती इतक्यात मिळू नये असंही मनात होतं, हे त्यांनी न लाजता नोंदवलं आहे. माझ्या ईस्टरच्या संध्याकाळची गत काही वेगळी नव्हती. इसवी सन ३८६ मध्ये मिलानच्या एका बागेत त्यांचा झगडा संपला.

पुढे त्यांच्याच काळात पेलागियस नावाच्या ब्रिटनमधून आलेल्या एका संन्यस्त वृत्तीच्या उपदेशकानं वेगळं मत मांडलं. माणसाला देवानं बुद्धी आणि इच्छाशक्ती दिली आहे, मनावर घेतलं तर तो पापाविना जगू शकतो, असं त्याचं सांगणं. त्याचा हेतू वाईट नव्हता, लोकांच्या सैलपणाला तो कंटाळला होता. ऑगस्टीन यांनी त्याला कडाडून विरोध केला. बुडणाऱ्याला पोहण्याचे नियम सांगून काय उपयोग, त्याला हात द्यायला हवा, असा त्या विरोधाचा सारांश सांगता येईल. इसवी सन ४१८ मध्ये कार्थेज इथल्या धर्मपरिषदेनं पेलागियसचं मत अमान्य केलं. तरीही वाटतं, आपल्यातला प्रत्येक जण मनातून पेलागियसचाच शिष्य असतो. एक जानेवारीला संकल्प करतो आणि संक्रांतीच्या आत विसरतो.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. स्वावलंबन वाईट, असं मी म्हणत नाही. हा प्रदेश गाडगेबाबांचा, तुकडोजी महाराजांचा. आपल्या हातांनी गाव झाडा, आपल्या कष्टांचं खा, ही शिकवण आमच्या रक्तात आहे आणि ती खरी आहे. मी बोलतो आहे ते वेगळ्या गोष्टीबद्दल. मला कुणाचीच गरज नाही, माझ्या आतलं माझं मी बघून घेईन, या ताठ्याबद्दल. हातांचं स्वावलंबन आणि अंतःकरणाचा ताठा यांत फरक आहे. तो फरक ज्यांच्या आयुष्यात लख्ख दिसतो, अशी व्यक्ती आपल्या महाराष्ट्रातच होऊन गेली.

पंडिता रमाबाईंचा दुसरा शोध

पंडिता रमाबाई यांचा जन्म २३ एप्रिल १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नीला आणि मुलीला संस्कृत शिकवलं, हाच त्या काळी मोठा गुन्हा. हे कुटुंब तीर्थक्षेत्रं हिंडत, पुराण सांगत, उपास-तापास करत आणि होतं नव्हतं ते दानधर्मात देत जगलं. १८७० च्या दशकातल्या दुष्काळात थोड्याच काळात वडील, आई आणि थोरली बहीण गेली. उरलेली रमा आणि भाऊ श्रीनिवास पायी देश तुडवत १८७८ मध्ये कलकत्त्याला पोचली. तिथल्या विद्वानांनी या तरुणीला ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. पुढे बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी विवाह, मुलगी मनोरमेचा जन्म आणि १८८२ मध्ये पतीचं निधन. त्याच वर्षी पुण्यात आर्य महिला समाजाची स्थापना. १८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या आणि २९ सप्टेंबर १८८३ रोजी वाँटेज इथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

बहुतेक लोकांना रमाबाई इथवर माहीत असतात. पुढचा भाग फारसा कुणी सांगत नाही. १९०७ साली त्यांनी इंग्रजीत आपली साक्ष, म्हणजे आध्यात्मिक आत्मकथन, प्रसिद्ध केलं. त्यात त्या म्हणतात, की बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी त्यांच्या ध्यानात आलं, ख्रिस्ती धर्म तर आपल्याला मिळाला आहे, पण ख्रिस्त मिळालेला नाही. हे सांगणारी बाई कोण होती, ते पाहा. तोवर त्यांनी अमेरिकेत शेकडो सभा गाजवल्या होत्या, ‘द हाय-कास्ट हिंदू वुमन’ हे पुस्तक १८८७ मध्ये लिहिलं होतं, ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन सुरू केलं होतं. त्यांच्याइतकं सत्कर्म पदरी असलेली माणसं त्या काळात हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच असतील. तरीही आपल्या पुण्याईवर, विद्वत्तेवर, स्वीकारलेल्या मतांवर आपली भिस्त आहे आणि ती पुरी पडत नाही, हे त्यांना उमगलं.

या टप्प्यावर त्यांच्या हाती विल्यम हॅस्लम या इंग्लिश धर्मगुरूच्या अनुभवांचं पुस्तक आलं. हॅस्लम यांची गोष्ट मजेशीर आणि बोलकी आहे. ते वर्षानुवर्षं पाळक म्हणून काम करत होते आणि १८५१ मध्ये कॉर्नवॉलमधल्या आपल्याच चर्चमध्ये, आपलंच प्रवचन करताना, त्यांच्या लक्षात आलं, की जे आपण इतरांना सांगतो आहोत ते आपल्यालाच लागू आहे. हे वाचून रमाबाईंना आपलं चित्र दिसलं. आपण पापी आहोत, आपल्याजवळ देवाला देण्याजोगं काहीही नाही, आणि तरीही त्यानं आपल्याला स्वीकारलं आहे, या जाणिवेपाशी त्या आल्या. शरणागतीचा हा क्षण त्यांनी आयुष्यातला खरा आरंभ मानला.

आता यानंतर काय झालं? त्या हातावर हात ठेवून बसल्या का? उलट त्यांचं सर्वांत मोठं काम यानंतरचं आहे. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी, निराधार मुलींना घेऊन आल्या. १९०० च्या दुष्काळात गुजरातमधूनही मुली आणल्या. केडगावच्या मुक्ती सदनात शेकडो बायका विणकाम, शेती, छपाई शिकून पायांवर उभ्या राहिल्या. समाजानं पतित ठरवलेल्या स्त्रियांसाठी तिथं जे घर काढलं, त्याचं नाव ‘कृपा सदन’. हे नाव मला फार महत्त्वाचं वाटतं. तिथे येणाऱ्या बाईला आधी चांगली होऊन ये, असं सांगितलं जात नव्हतं. आधी घर, मग सुधारणा. कृपा या शब्दाचा ख्रिस्ती अर्थ नेमका हाच आहे. आयुष्याच्या अखेरपर्यंत रमाबाई मूळ हिब्रू आणि ग्रीक भाषांतून बायबलचं सोप्या मराठीत भाषांतर करत होत्या. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या गेल्या.

असंच एक घर रेव्हरंड नारायण वामन टिळकांचं. १० फेब्रुवारी १८९५ रोजी त्यांनी बाप्तिस्मा घेतला. आपण तुकारामांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, असं ते सांगत. त्यात मोठा अर्थ आहे. स्वतःला पतित म्हणवून घेणं, माझ्या बळावर काही होत नाही म्हणून विठ्ठलाचे पाय धरणं, ही भाषा वारकऱ्यांना नवी नाही. म्हणून हा विषय कुणाला परका वाटायचं कारण नाही. लक्ष्मीबाई टिळकांनी ‘स्मृतिचित्रे’त पतीचा शीघ्रकोप, लहरीपणा जसाच्या तसा लिहिला आहे आणि स्वतःचं सोवळं-ओवळं कसं सुटता सुटत नव्हतं, तेही हसत हसत सांगितलं आहे. नवऱ्याच्या युक्तिवादानं ते सुटलं नाही. सगळी माणसं देवाचीच लेकरं आहेत, ही गोष्ट आतून पटली, तेव्हा सुटलं. १९०० मध्ये त्यांनी स्वतःहून बाप्तिस्मा घेतला.

चिठ्ठी आणि कबुली

कृपेनं माणूस बदलतो कसा, हे समजायला एक सर्वांच्या ओळखीचा प्रसंग सांगतो. गांधीजींनी आत्मकथेत तो लिहिला आहे. पंधराएक वर्षांचे असताना त्यांनी भावाचं पंचवीसेक रुपयांचं कर्ज फेडण्यासाठी भावाच्याच सोन्याच्या कड्यातला तुकडा कापला. कर्ज फिटलं, पण मन खाऊ लागलं. अखेर त्यांनी सगळं चिठ्ठीत लिहिलं, शिक्षा मागितली आणि ती आजारी वडिलांच्या हाती दिली. वडील उठून बसले, त्यांनी चिठ्ठी वाचली, डोळ्यांतून पाणी आलं आणि त्यांनी ती फाडून टाकली. एक शब्दही बोलले नाहीत. गांधीजी म्हणतात, की त्या आसवांनी आपल्याला शुद्ध केलं.

इथे तीन गोष्टी घडल्या. मुलानं काही न लपवता कबुली दिली. दुःख वडिलांनी स्वतःवर घेतलं. आणि मुलगा सुधारला तो शिक्षेच्या भीतीनं नाही, तर त्या प्रेमामुळं. गांधीजींनी यात अहिंसेचा धडा पाहिला. मी ख्रिस्ती म्हणून वाचतो तेव्हा मला त्यात क्रूस दिसतो. दुसऱ्याच्या अपराधाचं दुःख स्वतः सोसून नातं पुन्हा जोडणं, हा क्रुसाचा अर्थ आहे.

कबुलीचं हे तत्त्व जगभर एका वेगळ्या ठिकाणीही कामी आलं. १९३५ साली अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन शहरात बिल विल्सन आणि डॉ. बॉब स्मिथ या दोन दारूत बुडालेल्या माणसांनी एकमेकांना आधार देत ‘अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस’ची सुरुवात केली. तिची मुळं ऑक्सफर्ड ग्रुप या ख्रिस्ती चळवळीत होती. त्यांच्या बारा पायऱ्यांपैकी पहिलीच पायरी अशी, की दारूपुढे आम्ही हतबल आहोत हे मान्य करणं. पुढच्या पायऱ्यांत आपल्याहून मोठ्या शक्तीवर विसंबणं, आपल्या चुकांची यादी करणं, त्या दुसऱ्या माणसापाशी बोलून दाखवणं आणि ज्यांना दुखावलं त्यांची भरपाई करणं येतं. आज ही संघटना कुठल्याच एका धर्माची नाही. तिच्या बैठका आपल्याकडे मराठीतही होतात. पण तिचा पाया पौलाच्या सातव्या अध्यायापासून फार दूर नाही.

रुतलेली गाडी

आता माझी गोष्ट पुरी करतो. त्या प्रसंगानंतर मी आमच्या पाळकसाहेबांकडे गेलो. ते यवतमाळच्या युनियन बिब्लिकल सेमिनरीत शिकलेले. १९५३ पासून १९८३ मध्ये पुण्याला जाईपर्यंत ही संस्था यवतमाळात होती आणि देशभरातली मुलं तिथं शिकायला येत. मी त्यांना म्हणालो, “मी रोज प्रार्थना करतो, तरी सुटत नाही.”

ते म्हणाले, “गुरुजी, प्रार्थनेत काय मागता?”

“देवा, मला बळ दे, असं म्हणतो.”

“म्हणजे जिंकायचं तुम्हीच. देवानं मागून नुसता धक्का द्यायचा.”

मी गप्प बसलो. मग त्यांनी विचारलं, “पावसाळ्यात काळ्या रानात गाडी रुतली तर काय करता?”

मी म्हणालो, “दुसऱ्याची बैलजोडी आणून पुढे जुंपतो.”

“त्याआधी काय करता?”

मी हसलो. त्याआधी माणूस आपल्याच बैलांना मारत बसतो आणि चाक आणखी खाली जातं. शेजारच्या वावरात जाऊन ‘माझी गाडी रुतली’ असं सांगायची लाज वाटते. सतरा वर्षं मी आपल्याच बैलांना मारत होतो.

त्या रात्री पहिल्यांदा मी वेगळी प्रार्थना केली. प्रभू, माझ्यानं होत नाही, एवढंच म्हणालो. बळ मागितलं नाही, त्यालाच मागितलं. मग पत्नीला उठवून सगळं सांगितलं. जप्तीच्या गोष्टी खोट्या होत्या, हेही. ती बराच वेळ काही बोलली नाही. नंतर म्हणाली, “अहो, मला ठाऊक होतं. तुम्ही कधी सांगता, याची वाट बघत होते.” दुसऱ्या दिवशी सातवीच्या वर्गात उभा राहिलो आणि पुडी माझीच होती, मी खोटं बोललो, हे मुलांना सांगितलं. त्या मुलाची सर्वांसमोर माफी मागितली. लूकच्या शुभवर्तमानात जक्कय नावाचा जकातदार आहे. येशू त्याच्या घरी गेला, तेव्हा त्यानं अर्धी मालमत्ता गरिबांना देण्याचा आणि फसवून घेतलेलं चौपट परत करण्याचा शब्द दिला. जक्कयनं भरपाई केली म्हणून येशू त्याच्या घरी आला नाही, येशू आला म्हणून त्यानं भरपाई केली. हा क्रम मला त्या दिवशी कळला.

खर्रा त्या दिवशी जादूनं सुटला, असं समजू नका. पहिले दोन आठवडे डोकं ठणकायचं, चिडचिड व्हायची. सात महिन्यांनी एका लग्नात पुन्हा घेतला. फरक इतकाच, की त्याच संध्याकाळी घरी येऊन सांगितलं. पूर्वी पडलो, की लपवायचो आणि लपवलं, की पुढच्या पडण्याची वाट मोकळी व्हायची. आता लपवण्याचं कारणच उरलं नव्हतं. त्यानंतर आजतागायत घेतलेला नाही.

काही सावधगिरीच्या गोष्टी सांगायलाच हव्यात. व्यसन हा शरीराचाही आजार आहे. श्रद्धा आणि डॉक्टर यांत भांडण नाही. सुपारी एकटीसुद्धा कर्करोग करते, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं २००४ मध्येच जाहीर केलं आहे. तोंड पूर्वीसारखं उघडत नसेल, तर प्रार्थना करा आणि त्याच दिवशी दवाखान्यातही जा. तंबाखू सोडू इच्छिणाऱ्यांसाठी १८००-११-२३५६ ही शासनाची मोफत दूरध्वनी सेवा आहे. दारूसाठी पुण्याच्या मुक्तांगणसारखी केंद्रं आहेत. मदत मागणं हेही ताठा सोडण्याचंच एक रूप आहे.

दुसरी सावधगिरी उलट बाजूची. देव क्षमा करतोच आहे, मग चालू द्या, असंही काही जण म्हणतात. जर्मनीत हिटलरच्या राजवटीला विरोध केल्याबद्दल १९४५ मध्ये फासावर गेलेले डीट्रिख बॉनहॉफर यांनी अशा कृपेला ‘स्वस्त कृपा’ म्हटलं होतं. कृपा फुकट मिळते, पण ती स्वस्त नसते. चिठ्ठी फाडणाऱ्या वडिलांच्या डोळ्यांतलं पाणी ज्यानं पाहिलं, तो पुन्हा कडं कापायला धजत नाही.

आणि शेवटची गोष्ट. तुमची सवय खर्ऱ्याची नसेल. कुणाची रागाची असेल, कुणाची निंदेची, कुणाची दुसऱ्याच्या बांधावरून दोन तास पुढे सरकवण्याची. बाहेरून सगळं ठाकठीक असेल. पण रात्री दिवा मालवल्यावर एक गोष्ट मनात येत असेल आणि आपण कूस बदलत असू. त्या वेळी आणखी एक निर्धार करण्याआधी एकदा खरं बोलून पाहावं. देवापाशी आणि मग विश्वासाच्या एखाद्या माणसापाशी.

तो सातवीतला मुलगा आज बाल-बच्चेवाला आहे. मध्यंतरी आठवडी बाजारात भेटला, वाकून नमस्कार केला. म्हणाला, “सर, तुम्ही शिकवलेलं गणित विसरलो. पण त्या दिवशी तुम्ही माफी मागितली होती, ते नाही विसरलो.” मी त्याला काय उत्तर देणार? पैनगंगेच्या काठच्या या गावात पस्तीस वर्षांच्या आसपास शिकवलं. त्यातला सर्वांत चांगला धडा मी नापास होऊन दिला होता.

(आकाशवाणीवरील भाषण, संपादित)